हळदीच्या तांदळांची डबी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी डबी आहे. नेमकी कशाची ते मात्र विचारू नका, कारण ते माझं मलाच अजून उमगलेलं नाही. भंडाऱ्याच्या कासारानं मला घडवलं तेव्हा तो म्हणाला, सुपारीची. रुख्माबाईंच्या लग्नात मी आहेरात आले तेव्हा त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, कुंकवाची. पुढे फळीवर बसल्या बसल्या मी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्ह्यात गेले. नव्याण्णव साली जिल्हाच वेगळा झाला, मी जागची हललेही नव्हते! तेव्हा डोक्यात जो गोंधळ शिरला तो शिरलाच.

त्याच वर्षी रुख्माबाईंचे यजमान केशोराव एका नव्या कारखान्यात जनसंपर्क अधिकारी झाले. भाताच्या कोंड्याचं तेल काढणारा तो कारखाना. जनसंपर्क म्हणजे काय काम, हे घरात कुणालाच सांगता येईना. त्यांचे वडील गावभर सांगत, "पोरगा गोष्टी सांगाच्या नोकरीवर लागला." केशोरावांनी मात्र मला फळीवरून उचललं, हळद लावलेले तांदूळ भरले आणि खिशात टाकलं.

आमच्या भागात लग्नाचं बोलावणं नुसत्या पत्रिकेनं होत नाही. घरी जाऊन तळहातावर हळदीचे तांदूळ ठेवावे लागतात. ज्यानं घेतले त्यानं यायचं, आणि ज्यानं दिले त्यानं शब्द राखायचा. केशोराव कारखान्याच्या कामालाही असंच बोलावू लागले. माझं झाकण उघडलं की रागावलेला माणूससुद्धा हात पुढे करी. का करी, देव जाणे. माणसं मोठी भाबडी, की केशोराव मोठे पक्के? मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

मग कारखान्यानं एका गावाशेजारी नवं गोदाम बांधायला घेतलं. गावाच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर जायची वाट त्याच जागेतून होती. त्या बोडीत मासे धरून बाजारात विकणाऱ्या लीलाबाईंनी उद्घाटनाचं बोलावणं घेऊन आलेल्या केशोरावांना आपल्या अंगणातच अडवलं.

"भाऊ, वाट बंद होऊन राहिली म्हणतेत. खरं का?"

"नाई, बाई. वाट राहीन. मी बोललो आहो साहेबांशी."

"मंग ठेवा तांदूळ," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला.

गोदामाच्या उद्घाटनाला सारा गाव लोटला, आणि तोही आहेर घेऊन! कुणाच्या हाती पितळेचा गंज म्हणजे पातेलं, कुणाच्या हाती लुगडं. तांदूळ आले म्हणजे लग्नच, नाही का? गावातले म्हातारे उदाराम नवं धोतर नेसून मंडपभर विचारत होते, "नवरदेव कुठी आहे?" कारखान्याचे मोठे साहेब गोंधळून म्हणाले, "केशोजी, शादी किसकी है?" केशोरावांनी पटकन सांगितलं, "सर, गांव और कंपनी का रिश्ता जुड़ रहा है." टाळ्या पडल्या, पेपरात फोटो आले, पत्रकारांनी केशोरावांना शाल पांघरली. मी खिशात बसून फुगले होते.

पावसाळा सरला आणि भिंत उभी राहिली. सरळ, उंच, वाटेवरून. आता बोडीवर जायचं तर अख्ख्या गोदामाला वळसा पडे.

लीलाबाई थेट ऑफिसात आल्या. लुगड्याच्या पदराची गाठ सोडून त्यांनी पिवळे तांदूळ टेबलावर ओतले.

"बाई, साहेब हो म्हणाले होते," केशोराव पुटपुटले.

"तुमच्या साहेबाले मी कायले ओळखू? माया हातावर तांदूळ कोणं ठेवले?"

बोलण्याचीच नोकरी असलेल्या केशोरावांनी ते तांदूळ दाणा दाणा वेचले, माझ्यात भरले आणि मला खणात ठेवलं.

मित्रांनो, त्यानंतर माझा वनवास सुरू झाला. केशोरावांचा मान वाढतच गेला. बोलावणी मोबाइलवर जाऊ लागली, चौकाचौकात फ्लेक्स लागले. मी मात्र काळी पडले, पोटातल्या तांदळांना पोरकिडे लागले. मधूनच केशोराव मला उघडत, बघत आणि मिटत. ते तांदूळ टाकून का देत नव्हते? आणि ठेवायचे होते तर खात का नव्हते? मी विचार करकरून थकले.

निवृत्तीचं वर्ष आलं, त्याच वर्षी त्यांच्या मुलीचं, स्नेहलचं लग्न ठरलं. रुख्माबाईंनी विचारलं, "लीलाबाईच्या गावाले बोलावणं नाई का?"

"कोणत्या तोंडानं जाऊ?" ते म्हणाले.

निरोपसमारंभाच्या सकाळी त्यांनी मला खणातून काढून खिशात टाकलं. समोर पत्रकार बसले होते, सगळे त्यांनीच बोलावलेले. साहेब मोठ्या मनानं म्हणाले, "केशोजी, आज जो मांगो." केशोराव माईकसमोर गेले. "भिंतीत एक दार द्या, सर. बोडीवर जायला. मी गावाला शब्द दिला होता." कॅमेरे साहेबांकडे वळले. साहेब हसले, "बस, इतना ही? बन जाएगा." याला चलाखी म्हणावं की खरेपणा? खिशात अंधार होता. पण त्यांचं काळीज कसं धडधडत होतं ते मला लागत होतं.

दार झालं. मग रुख्माबाईंनी मला चिंचेनं लख्ख घासलं, नवे तांदूळ भरले, जुने पुडीत बांधून दिले. केशोराव लीलाबाईंच्या अंगणात उभे राहिले. त्यांनी माझं झाकण उघडलं.

लीलाबाईंनी विचारलं, "हे कंपनीचे होत का घरचे?"

"घरचे, बाई. पोरीचं लगन आहे."

"आन् माये जुने कुठी आहेत?"

त्यांनी पुडी दिली. लीलाबाईंनी ती उलगडली, किडलेले दाणे क्षणभर पाहिले आणि कोंबड्यांपुढे फेकले. मग हात लुगड्याला पुसून तो पुढे केला.

"ठेवा आता."

त्या लग्नाला आल्या, मासळीची टोपली घेऊन. मला रडू आलं असतं, पण डबीला कुठलं रडू!

मित्रांनो, मी सुपारीची, कुंकवाची की कंपनीची, ते राहू द्या. पितळ काळं पडलं तर चिंचेनं उजळतं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. पण कुणाच्या तळहातावर काही ठेवाल तेव्हा एक ध्यानात असू द्या: तो हात तुमच्या साहेबासाठी नाही, तुमच्यासाठी पुढे आलेला असतो.