सेलाच्या फोटोत मी आले

मी एक जुनी चटई आहे, मित्रांनो, आणि मत्सरी आहे. पहिली गोष्ट तुम्हाला दिसेलच, म्हणून दुसरी आधी सांगून टाकते. जमिनीवर अंथरतात त्यातली मात्र मी नव्हे. मी कमरेला गुंडाळायची चटई. टोंगा बेटांवर आम्हाला ताओवाला म्हणतात. चर्चमध्ये जाताना, लग्नात, मयतीला, राजाच्या दारी आमच्यावाचून माणूस उघडाच समजतात, मग त्याने कितीही भारी कपडे घातलेले असोत.

माझा जन्म टोंगातल्याच हापाई बेटसमूहातल्या एका लहान बेटावर झाला. सेइनी नावाच्या बाईने मला विणले. केवड्याची पाने तिने स्वतः तोडली, कडेचे काटे काढले, पाने समुद्राच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवली, मग उन्हात वाळवून शिंपल्याने खरवडून मऊ केली. त्यांच्या सुतासारख्या बारीक पट्ट्या काढून ती पाच महिने गावच्या बायकांबरोबर विणत बसली. तिची बोटे चालत तसे तोंडही चाले. गावातल्या कितीतरी सुनांच्या आणि सासवांच्या गोष्टी माझ्यात विणल्या गेल्या आहेत, पण त्या मी कुणाला सांगत नाही.

सेइनीचा मुलगा लिसिआते मोठा झाला, तशी मी त्याच्या कमरेला आले. त्याच्या लग्नात म्हाताऱ्या बायका मला बोटांनी चाचपून म्हणत, “सेइनीच्या हातची दिसते. असं बारीक काम आता कोण करतंय?” ते ऐकून मी इतकी फुगले, की नवरीकडे कुणी पाहिले तरी मला राग येई. आम्हा चटयांचे एक बरे असते. आम्ही जितक्या जुन्या, तितक्या मानाच्या. त्यामुळे म्हातारपणाची मला कधी भीती वाटली नाही.

पुढे लिसिआते कामाच्या परवान्यावर ऑस्ट्रेलियात आला. क्वीन्सलँडमधल्या एका गावी मांसाच्या कारखान्यात त्याला काम मिळाले. आईने मला घडी करून त्याच्या पिशवीत घातले आणि म्हणाली, “तिथे गोऱ्यांसारखा नुसत्या पँटवर चर्चला जाशील तर खबरदार!” वर्षभराने त्याची बायको लूपे आली. त्याची थोरली बहीण अकानेसी आधीपासून त्याच गावात नांदत होती.

मित्रांनो, इथेच माझे दिवस फिरले. आठवड्याचे सहा दिवस लिसिआते पांढरे गमबूट घालून कामावर जायचा आणि मी कपाटावर पडून असायची. त्या रबरी बुटांना रोज पाण्याने धुऊन उन्हात ठेवत. माझ्यावर धूळ. मी त्या बुटांवर जळले. मग त्याच्या पासपोर्टवर जळले, कारण तो कपाटात कुलपात असे आणि मी कपाटावर. अकानेसी आली की म्हणायची, “पासपोर्ट सांभाळून ठेवा गं, तो गेला तर आपण कुणीच नाही.” मला वाटे, मी गेले तर काय होईल, हे कुणी कसे विचारत नाही?

गेल्या वर्षी लूपेला मुलगी झाली. तिचे नाव सेला. तिच्यावर मात्र मी जळले नाही. रविवारी चर्चमध्ये बापाच्या मांडीवर निजली, की ती माझी कड मुठीत धरायची आणि चोखायची. तिच्या लाळेने माझी एक बाजू मऊ झाली, त्याचा मला अभिमान आहे.

सेला तीन महिन्यांची झाली आणि बेटावरून वाईट बातमी आली. सेइनीचा मधुमेह बळावला होता, पायाची जखम भरत नव्हती, आणि डॉक्टरांनी आता महिने नव्हे, आठवडे मोजायला सांगितले होते. लिसिआतेने फोनवर आईला पाहिले आणि म्हणाला, “मी उद्याच निघतो, आई.”

“एकटा येऊ नकोस रे,” सेइनी म्हणाली. “तुझं थोबाड मी सव्वीस वर्षं पाहिलंय. पोरीला आण. तिला एकदा मांडीवर घेते, मग जायला मोकळी.”

कारखान्यातून रजा एकदाच मिळणार होती, म्हणून सगळ्यांनी एकदमच जायचे ठरले. पण सेलाकडे पासपोर्ट नव्हता. जन्म इथला असला, तरी आईबाप परवान्यावर आलेले. त्यामुळे तिला पासपोर्ट टोंगाचाच काढायचा होता. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीतल्या टोंगाच्या कचेरीत अर्ज पाठवायचा, जन्माचा दाखला जोडायचा, आईबापाने सह्या करायच्या, आणि फोटोच्या पाठीवर पाद्रीबाबांनी ‘हीच ती’ म्हणून लिहून द्यायचे. घरात दुसरा विषय राहिला नाही. रात्रंदिवस पासपोर्ट, पासपोर्ट! अजून जन्माला न आलेल्या त्या पुस्तकाचे एवढे कौतुक पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ज्याच्या कमरेला त्याची मुलगी, आणि तिची ओळख ते चार पानांचे कार्टे सांगणार?

फोटोच्या दिवशी लूपेने सेलाला साधे निळे झबले घातले. तेवढ्यात अकानेसी आली. पोरीला पाहून तिचे डोळेच मोठे झाले.

“हे काय? राजाचा शिक्का असलेलं पुस्तक ते! त्यात पोर अशी नागव्या कमरेने जाणार?”

“वन्सं, फोटोत कंबर येत नाही,” लूपे हळूच म्हणाली. “नुसता चेहरा येतो.”

“आपल्याला दिसत नाही म्हणून काय झालं? ज्यांना कळायचं त्यांना कळतं. आण ती चटई.”

लिसिआते दाराशी उभा होता. अर्जासोबतचे नियम त्याने तीनदा वाचले होते. चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत पूर्ण मोकळा हवा, हे त्याला ठाऊक होते. पण आमच्यात भाऊ थोरल्या बहिणीला उलटून बोलत नाही. ती बसली त्या खोलीत तो रेंगाळतही नाही. आणि मुलांच्या बाबतीत तर आत्याचा शब्द शेवटचा. तो एकदा लूपेकडे, एकदा माझ्याकडे पाहून मागच्या अंगणात निघून गेला. तिथे तो गमबूट धूत बसला. ते आधीच स्वच्छ होते.

अकानेसीने मला चौघडी करून सेलाभोवती गुंडाळले आणि वरून काथ्याची दोरी बांधली. कमरेला बांधायची मी, पण तीन महिन्यांच्या बाळाला कंबर ती केवढी! मी थेट तिच्या काखेपर्यंत आले. औषधांच्या दुकानात फोटो काढत. तिथे जाईपर्यंत मी आणखी वर सरकले.

दुकानातली मुलगी कॅमेऱ्यातून पाहून म्हणाली, “हे जरा खाली घ्याल का? हनुवटी झाकली जातेय.”

“खाली घेतलं तर दिसायचं नाही,” अकानेसी म्हणाली.

“दिसायला नकोच आहे, मावशी.”

“मग घातलं कशाला?”

मुलीने खांदे उडवले. “बघा बाई. परत आला तर मला बोलू नका.”

मित्रांनो, आता जे सांगते ते आजवर कुणाला सांगितले नाही. ती दोरी सैल होती. लिसिआतेच्या कमरेवरून चर्चमध्ये मी कितीदा घसरले आहे, तो दर प्रार्थनेला मला वर ओढतो. त्या दिवशी मी घसरले असते, नुसते दोन बोटे खाली आले असते, तर सगळे सुरळीत झाले असते. पण माझ्या मनात एकच होते. त्या पुस्तकात मलाही जायचे होते. मी चिकटून राहिले. माझी एक निसटलेली पट्टी वर आली आणि सेलाच्या हनुवटीवर आडवी बसली. झगझगीत उजेड पडला. मला वाटले, जिंकले.

पाद्रीबाबांनी फोटोच्या पाठीवर लिहिले, अर्ज गेला. त्यानंतर तीन आठवडे मी कपाटावर राणीसारखी बसले.

मग पाकीट आले. लूपेने उघडले. फोटो परत आले होते आणि सोबत एका ओळीची चिठ्ठी होती. चेहरा पूर्ण दिसत नाही, नवा फोटो पाठवा.

लिसिआतेने ती तिच्या हातून घेऊन पुन्हा वाचली. “तीन आठवडे, लूपे. तीन आठवडे गेले. तू का नाही बोललीस?”

“मी?” लूपेचा आवाज चढला. “तुझी बहीण ती. तू अंगणात जाऊन बूट घासणार, आणि मी बोलून वाईट व्हायचं? तू का नाही बोललास?”

“मला बोलता येत नाही, माहितीय तुला.”

“मग मला काय वेगळं तोंड दिलंय देवाने?”

अकानेसी दारातच उभी होती. अळूच्या पानात बांधलेले मांस तिने नारळाच्या दुधात शिजवून आणले होते. भांडे तिने खाली ठेवले आणि सेलाला उचलून ती दुकानात निघाली. या वेळी मी नव्हते. कपाटावरून मी ऐकत होते. परत आल्यावर ती लूपेला म्हणाली, “झाला. नुसता चेहरा.” एवढेच. तिचीही आई होती ती, मित्रांनो. सेइनी अकानेसीचीही आई होती.

तुम्हाला वाटेल, मला लाज वाटली असेल. खोटे कशाला बोलू, तेव्हा नाही वाटली. माझ्यावाचून फोटो चालतो, याचेच मला दुःख झाले.

पुढचे दिवस फोनमध्ये सेइनीचा चेहरा लहान लहान होत गेला. लिसिआते रोज पोस्टाची पेटी दोनदा उघडायचा. अखेर एका गुरुवारी पासपोर्ट आला. पाद्रीबाबांनी त्यावर हात ठेवून प्रार्थना केली. लूपेने त्याचा मुका घेतला. ज्याने घामाचा एक थेंब प्यायला नव्हता, एका लग्नाची गर्दी सोसली नव्हती, त्याचा मुका! मी जळून कोळसा झाले. शनिवारची तिकिटे निघाली.

शुक्रवारी सकाळी बेटावरून लोसामावशीचा फोन आला. ती सेइनीची धाकटी बहीण. पहाटे सेइनी गेली होती.

शनिवारी सगळे काळे कपडे घालून निघाले. लिसिआतेने मला कमरेला बांधले. विमानतळावर साहेबाने सेलाचा पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, सेलाकडे पाहिले आणि हसला. त्या पुस्तकाने आपले काम चोख केले. माझ्याकडे त्याने पाहिलेही नाही.

बेटावरच्या घरी सेइनी गालिच्यासारख्या मऊ चटयांवर निजली होती. भोवती बायका बसून रात्रभर गात होत्या. लिसिआते गुडघ्यांवर सरकत आत गेला, तसे सगळ्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. एकेक म्हातारी पुढे आली, मला चाचपू लागली, माझ्यात तोंड खुपसून रडली. “तिच्याच हातची,” त्या म्हणत होत्या. “बघा, तिच्याच हातची.” एवढा मान मला जन्मात मिळाला नव्हता. ज्यासाठी मी इतकी वर्षे जळले, ते सगळे एका सकाळी मिळाले.

अकानेसीने सेलाला आजीच्या कपाळाशी नेले. सेलाने डोळे मोठे करून पाहिले. तेव्हा लोसामावशी पुढे सरकली, सेलाची हनुवटी धरून तिने तिचा चेहरा उजेडाकडे वळवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

“अकानेसी,” ती म्हणाली, “एक विचारू? पोरीच्या चेहऱ्यात काही खोट आहे का गं?”

“म्हणजे?”

“लिसिआतेने कळवलं ना, चेहऱ्याचा फोटो परत आला म्हणून. तेव्हापासून ताईने तेच धरलं होतं. रोज संध्याकाळी फोनमध्ये पोरीला बघायची आणि मला विचारायची, ‘लोसा, तुला काही दिसतं का? मला तर काही दिसत नाही. आपल्यापासून काहीतरी लपवताहेत.’ शेवटपर्यंत तिला तोच घोर होता.”

खोलीतले गाणे चालूच होते. लिसिआते बहिणीसमोर बोलू शकत नव्हता, आणि त्याचे दोन्ही हात माझ्यावर होते.

अकानेसी खाली बसली. “तिच्या चेहऱ्यात काही नाही, मावशी,” ती म्हणाली. “मी आईची चटई मध्ये आणली.”

मग ती जमिनीवर डोके टेकून रडली, आणि तिला कुणी उठवले नाही.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी आम्ही म्हणायचे असते, की आम्हाला जपा, टाकून देऊ नका. ते मीही म्हणते. मला ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका, रविवारी बाहेर काढा. सेलाचा पासपोर्ट आजही कुलपात आहे आणि मी आजही कपाटावर आहे, आणि त्याच्यावर मी आजही थोडी जळते. पण कुणाला कुणाच्या भेटीला जायचे असेल, दिवस थोडे असतील, आणि मी मध्ये येत असेन, तर मला उचलून बाजूला ठेवा. माझ्या वयाकडे पाहू नका, मानाकडे पाहू नका. मी आपणहून हलणार नाही.