काडीसाठी उघडलेलं पोर्ट

रविवारी सकाळची आवराआवर झाली की ताई अडगळीच्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. बंद पडलेले पंखे, आईचं शिलाई मशीन आणि बाबांची लिफ्ट दुरुस्तीची हत्यारं यांच्या मधोमध तिथे एक जुना कॉम्प्युटर घरघरत बसलेला असायचा. इकडून तिकडून भाग गोळा करून तो तिनेच जुळवला होता. आठवडाभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवणाऱ्या बाईला असली बारीक कामं जड नव्हती. त्या कॉम्प्युटरवर एका खेळाचा सर्व्हर चालायचा. ठोकळ्यांचं एक जग, त्यात डोंगर, नदी, शेतं, आणि माणसं फक्त दोन: ताई आणि तिचा धाकटा भाऊ.

भावाला घरीदारी सगळे काडी म्हणत. लहानपणी तो होताच तसा, फुंकर मारली तर उडेल असा. आता तो समुद्रापलीकडच्या एका बंदरात जहाजांच्या वेल्डिंगचं काम करायचा आणि चांगला आडवा झाला होता, पण नाव काही सुटलं नव्हतं. बाबांनी त्याला आपल्या हाताखाली लिफ्टच्या कामाला लावलं होतं. ते त्याने अर्ध्यावर सोडलं. शब्दाला शब्द वाढला आणि बाबा म्हणाले, "जातोस तर जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस." तो गेला. पुढे आई आजारी पडली, ताई लॅबजवळची खोली सोडून घरी राहायला आली, आणि आई गेली तेव्हाही काडी आला नाही. त्या दिवसापासून बाबांनी त्याचं नाव तोंडातून काढलं नाही.

फोनवर बहीणभावाची दातखीळ बसायची. "बरा आहेस ना?" "हो. तू?" की संपलं. खेळात मात्र तसं नव्हतं. हात कुदळ चालवत असले की तोंड आपोआप सुटायचं. ताई कानाला हेडफोन लावून विटा रचायची, काडी पलीकडे बोगदा खणायचा, आणि मधेच दोघं कधी रडायचे, कधी इतकं हसायचे की ताईला तोंडावर हात धरावा लागे. तिच्या आठवड्यातली मोकळा श्वास घ्यायची वेळ तीच होती.

एका रविवारी काडी आलाच नाही. मग त्याचा मेसेज आला, "आत घेत नाहीये. फिरतंय फिरतंय आणि वेळ संपली म्हणतंय."

ताईने बाह्या सावरल्या. आधी तिने घरातल्याच दुसऱ्या लॅपटॉपवरून खेळात शिरून पाहिलं. झटकन शिरता आलं. म्हणजे सर्व्हर ठणठणीत होता, गोम घराच्या बाहेर किंवा उंबऱ्यावर होती. कॉम्प्युटरचा घरातला पत्ता बदलला असेल म्हणून तो पाहिला, तोच होता. फायरवॉल घटकाभर बंद करून पाहिली, फरक शून्य. मग राउटरची सेटिंग उघडली. बाहेरून खेळाच्या पोर्टवर, म्हणजे खेळासाठी ठेवलेल्या दारावर, कोणी आलं तर त्याला अडगळीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरकडे पाठव, असा एक नियम तिने मागे राउटरला घालून दिला होता. तो नियम जागच्या जागी होता. पण बाहेरून पोर्ट तपासणाऱ्या साइटवर गेलं की उत्तर एकच, बंद.

"राउटर बंद करून पुन्हा चालू केला का मॅडम?" इंटरनेट कंपनीच्या बाईने फोनवर विचारलं.

"केला. इतक्यांदा केला की आता तोच मला कंटाळला असेल."

"तक्रार नोंदवली आहे मॅडम."

तिकडे काडीचा धीर सुटत चालला होता. पुढच्या रविवारीही जमलं नाही तेव्हा त्याने लिहिलं, "ताई, सरळ सांग ना. बाबांनी सांगितलं का बंद करायला?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने लिहिलं, "मी इथे त्या डब्यापुढे डोकं फोडतेय आणि तुला हे सुचतंय?" नंतर तिला वाईट वाटलं, पण पाठवलेलं पाठवलं होतं.

शेवटी कंपनीचा तंत्रज्ञ आला, तोही ताई लॅबमध्ये असताना. घरी बाबा होते. संध्याकाळी ती आली तेव्हा बाबा खुर्चीत बसून फोनकडे बघत होते.

"तो पोरगा येऊन गेला," बाबा म्हणाले. "कंपनीने म्हणे अलीकडे पुष्कळ घरं मिळून एकच पत्ता दिला होता. त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला आपलं घर सापडत नव्हतं. आता आपल्याला वेगळा पत्ता दिलाय."

"तरीच! माझ्या लक्षातच आलं नाही." ताईचा चेहरा खुलला. "आणि काय म्हणाला?"

"कनेक्शन माझ्या नावावर आहे, म्हणून ॲप माझ्या फोनमध्ये घालून दिलं. बाकी काही नाही."

रविवारी काडी आत आला आणि ताईला हायसं वाटलं. तो नेहमीच्या डोंगरावर उभा राहून उड्या मारत होता. "चुकलं माझं," तो म्हणाला. ती म्हणाली, "मरू दे. बोगद्यात पाणी शिरलंय बघ."

पण ते सुख फार टिकलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. फिरतंय फिरतंय, वेळ संपली. ताईने राउटरची सेटिंग उघडली. पत्ता नवाच होता, नियमही होता. फक्त नियमापुढचं बटण बंदकडे सरकलेलं होतं. तंत्रज्ञाच्या हातून राहिलं असेल, असं म्हणून तिने ते चालू केलं. काडी आत आला. मग तिच्या डोक्यात आलं, तंत्रज्ञाच्या हातून राहिलं असतं तर गेल्या रविवारी तो आत आला कसा? तिने तो विचार झटकून टाकला. पण त्यापुढच्या रविवारी बटण पुन्हा बंद होतं.

ताई हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत राहिली. राउटर विसरला असता तर सगळंच विसरला असता. वायफायचं नाव, पासवर्ड, सगळं. त्यातलं काहीही हललं नव्हतं. एवढं एकच बटण आपणहून दर आठवड्याला कुशीवर वळतं, असं कसं होईल? कोणीतरी ते वळवत होतं. आणि राउटरपर्यंत पोहोचणारी घरात माणसंच किती?

ती उठून बाहेर आली. बाबा खिडकीपाशी बसून नखं कापत होते.

"बाबा, ते बटण तुम्ही बंद करता?"

बाबांनी वर पाहिलं नाही. नेलकटर तेवढं थांबलं. "कुठलं बटण?"

"बाबा."

ते नाही म्हणतील, आवाज चढवतील, अशी तिची तयारी होती. ते म्हणाले, "हो. मीच करतो."

"अहो पण का? मी वेड्यासारखी शोधत बसले. तो माझ्यावर संशय घेतोय, मी त्याच्यावर ओरडतेय. तुम्ही इथे बसून सगळं बघत होतात?"

"बघत नव्हतो. ऐकत होतो." बाबांनी नेलकटर खिडकीत ठेवलं. "भिंत केवढीशी आहे? दर रविवारी तू आत हसतेस, रडतेस. त्याचं काही ऐकू येत नाही, तुझं तेवढं येतं. माझ्या घरात बसून तो तुझ्याशी सगळं बोलतो. मी इथे खुंटीसारखा. मधे ते बिघडलं होतं ना, ते दोन रविवार बरे गेले मला. तू बाहेर येऊन बसायचीस. मग त्या पोराने ॲपमध्ये दाखवलं, 'आजोबा, हे बटण चालू असलं की बाहेरचा माणूस आत येतो.' मी म्हटलं, असं आहे तर."

"तुमचा मुलगा आहे तो. बाहेरचा माणूस काय?"

"आई गेली तेव्हा बाहेरचाच झाला तो."

ताईचा तोल गेला. "तुम्हाला काय माहीत त्याने काय..." आणि ती थबकली.

"काय?" बाबा आता तिच्याकडे बघत होते. त्यांचे डोळे लाल झाले होते. "विमानतळावरून परत फिरला, हेच ना? माहीत आहे. तूच म्हणालीस आतून. 'विमानतळापर्यंत गेलास आणि फिरलास, कळतं रे मला.' तेव्हापासून तो एवढा एक शब्द घेऊन बसलोय मी. निघाला होता म्हणजे. तिकीट काढलं होतं. हे तू मला का नाही सांगितलंस?"

काडीने शपथ घातली होती, हे खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. आईच्या आजारपणात ती एकटी राबली होती. भावाचं हे गुपित एवढंच तिच्या एकटीचं असं काही होतं, आणि ते वाटून घ्यायला तिला नको होतं. हे बाबांना कसं सांगायचं? ती समोरच्या स्टुलावर बसली. कुठल्यातरी मजल्यावर कोणी खिळा ठोकत होतं, ते थांबलं.

"तुम्ही बोलाल त्याच्याशी?" शेवटी तिने विचारलं.

"तो बोलेल का ते विचार."

तिने आत जाऊन बटण चालू केलं. काडी आला. हेडफोन कानाला लावून ताईने त्याला सगळं सांगून टाकलं. बटण कोण बंद करतं, भिंतीतून काय ऐकू गेलं, सगळं. पडद्यावरची त्याची आकृती कुदळ हातात धरून नुसती उभी होती.

"आत्ता कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"दारात उभे आहेत. स्पीकरवर टाकू? तुझी तयारी असेल तरच."

"...टाक."

ताईने हेडफोनची वायर उपसली. खोलीत काडीच्या श्वासाचा आवाज भरला. बाबा दाराची चौकट धरून उभे होते. एवढ्या वर्षांनी मुलाशी बोलायचं होतं, आणि त्यांनी नेमकं जे विचारायला नको होतं तेच विचारलं.

"विमानतळावरून का परत फिरलास?"

"तुम्ही म्हणाला होतात तोंड दाखवू नकोस," काडी म्हणाला.

"रागात म्हणालो होतो रे."

"आई गेली तेव्हाही राग होता? मेसेज ताईने केला. फोन ताईने केला. तुम्ही एकदा 'ये' म्हणाला असतात तर बसलो असतो विमानात. तिथे रांगेत उभा राहून फोनकडे बघत होतो मी. शेवटची हाक होईपर्यंत बघत होतो."

बाबांचे ओठ हलले. ताईला वाटलं, आता बोलतील. नुसतं चुकलं म्हणाले तरी पुरे. पण आयुष्यभर लिफ्टच्या खड्ड्यांत उतरलेल्या त्या माणसाला एवढी एक पायरी उतरता येईना. ते चौकट धरून तसेच उभे राहिले. पडद्यावरची आकृती क्षणभर थरथरली आणि नाहीशी झाली. "खेळाडू बाहेर गेला," अशी एक ओळ कोपऱ्यात उमटली.

"गेलं का नेट?" बाबांनी घाईघाईने विचारलं. "बघ, पुन्हा बंद पडलं वाटतं. मी काही केलेलं नाही हं, फोन तिकडे खुर्चीवर आहे."

ताईने सवयीने सेटिंग पाहिली. बटण चालू होतं, पोर्ट उघडं होतं, सर्व्हर घरघरत होता. हो म्हणून टाकणं सोपं होतं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "नेट चालू आहे. तो गेला."

बाबा तिथेच शिलाई मशीनच्या स्टुलावर बसले. ताईने त्यांना उठवलं नाही की समजावलं नाही. दुपारी दोघांनी ताटात नुसतं चिवडलं. बाबा एकदा म्हणाले, "म्हणायला हवं होतं मी." ती म्हणाली, "हो."

ऊन उतरल्यावर ताईचा फोन वाजला. काडीचा मेसेज होता. तिने आधी स्वतः वाचला, मग काही न बोलता फोन बाबांपुढे धरला. बाबांनी चष्मा शोधला, लावला आणि हात लांब करून वाचलं, "आज नाही झेपलं मला. पुढच्या रविवारी येतो. ते असले तरी चालेल."

"'असले तरी' म्हणे," बाबा पुटपुटले. "मेहेरबानीच की."

पण त्यांनी फोन परत दिला नाही. त्यांनी तो मेसेज पुन्हा वाचला, मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले.

"तो साधारण किती वाजता येतो गं?" त्यांनी विचारलं.