वीस सेंटीमीटर

बारा वर्षं वॉर्डात नर्स म्हणून राबल्यावर सिस्टरनं डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं. जीवशास्त्र तोंडपाठ, रसायनशास्त्रही बरं. घोडं अडत होतं ते भौतिकशास्त्रात. प्रवेश परीक्षेत दोनदा तिथंच आपटली होती बिचारी. ही तिसरी खेप, आणि वयाच्या अटीमुळे शेवटची.

परीक्षा परवावर आली होती. इंजिनियर झालेली धाकटी बहीण शिकवायला बसली होती.

"ताई, शिरेतला दाब दोन हजार पास्कल. सलाइन आत जायला बाटली हातापेक्षा कमीत कमी किती उंच हवी?"

"एक मीटर," सिस्टर फाडकन म्हणाली.

"गणित केलंस?"

"गणित कशाला? रोज वीस बाटल्या टांगते मी!"

धाकटीनं भागाकार करून दाखवला. उत्तर आलं वीस सेंटीमीटर.

"वेड लागलंय का तुझ्या पुस्तकाला? एवढ्याशा उंचीवर टांगली आणि पेशंट नुसता खोकला, तरी रक्त उलटं नळीत चढेल!"

"पुस्तकातला पेशंट खोकत नाही गं बाई. तू आपली भागाकार कर आणि मोकळी हो."

सिस्टरनं पेन आपटलं. हे गणित घालणाऱ्याला एकदा धरून सुई टोचावी, असं तिला मनापासून वाटलं. तरी तिनं ते दहा वेळा सोडवलं.

आणि काय सांगावं, परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला! तिनं भागाकार केला. वीस आलं. वीससमोरच्या गोलावर पेन नेलं आणि हात अडला. डोळ्यांपुढे लालेलाल नळी दिसायला लागली. शेवटचा पर्याय एक मीटरचा होता. काही कळायच्या आत तिनं तोच गोल काळा करून टाकला. शाईच ती, पुसणार कशी?

निकाल लागला. दोन गुणांनी गेली. प्रश्न चार गुणांचा होता.

"उत्तर येत होतं ना तुला?" धाकटी रडकुंडीला आली.

"येत होतं."

"मग?"

"मग काय, माझं डोंबल! इतक्या खाली बाटली टांगवेना माझ्याच्यानं."

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. वॉर्डात नवा शिकाऊ डॉक्टर आला होता. भौतिकशास्त्रात आपल्याला पैकीच्या पैकी होते, हे त्यानं सकाळपासून तिघांना तरी ऐकवलं होतं. त्यानं एका आजोबांची बाटली खाटेच्या कठड्याला अडकवली. आजोबा खोकले आणि नळीत रक्त चढलं.

"सिस्टर! सिस्टर!" त्याची पार गाळण उडाली.

तिनं स्टँड ओढला, दांडा वर सरकवला, बाटली टांगली आणि स्क्रू आवळला. नळी हळूहळू स्वच्छ झाली.

"किती उंच ठेवायची असते हो?"

"एक मीटर."

त्यानं खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं.

"नीट लिहा, डॉक्टर," सिस्टर म्हणाली, "चार गुणांचा प्रश्न आहे."

एवढं बोलून ती पुढच्या खाटेकडे वळली, आणि तिथल्या पेशंटसमोरच तिला रडू फुटलं.