बाराच्या आत माथा

त्या घराचे डोंगरावरचे दोन नियम होते, आणि दोन्ही बाबांनी घालून दिलेले. पहिला, घरचा कुठलाही विषय काढायचा तो माथ्यावर पोचल्यावर. चढताना तोंड बंद आणि लक्ष पायांकडे. दुसरा, उन्हाळ्यात बारा वाजले की असू तिथून मागे फिरायचं, मग माथा हाकेच्या अंतरावर का असेना. दुपारी कातळ तापतो, पाणी संपतं आणि भल्याभल्यांचं डोकं फिरतं, असं बाबा म्हणायचे. बाबा गेले, दर उन्हाळ्यातली चढाई राहिली, नियम राहिले. तिन्ही मुलांनी ते अगदी मनोभावे सांभाळले, कारण नियमांना रात्री उठवून बाथरूममध्ये न्यावं लागत नाही. आईला न्यावं लागत होतं, आणि ते काम ताईकडे आलं होतं.

ताई मधली. घरातच शिलाई मशीन टाकून पडदे शिवायची. दादाचं औषधांचं दुकान होतं, धाकटा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. दोघांची लग्नं झालेली, दोघांच्या घरात म्हणे जागा नव्हती. ताईच्या दोन खोल्यांत मशीन, कापडाचे तागे, आईचा पलंग आणि ताई एवढं सगळं मावत होतं, त्यामुळे जागेचा प्रश्न तिथे कुणाला दिसला नाही. एकटीच तर आहे, तिला सोबत झाली, असं मोठी वहिनी चारचौघांत सांगायची. ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण ती हसून घ्यायची.

या उन्हाळ्यात मात्र तिच्याकडे एका कामाचा पत्ता होता. डोंगरापलीकडच्या शहरात नाटकाचं मोठं थिएटर होतं. त्यांना रंगमंचाचे सगळे पडदे नव्याने शिवून हवे होते, वर्षभराचं काम, राहायला खोली. सोमवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. ताईला एवढंच हवं होतं, की एक वर्ष, फक्त एक वर्ष, आईला भावांनी न्यावं. विषय घरचा होता, म्हणजे माथ्यावर काढायचा. गेल्या उन्हाळ्यात ती असंच काहीसं मनात धरून चढली होती आणि माथ्याच्या अलीकडेच बारा वाजले होते. त्याच्या आदल्या वर्षीही तेच.

म्हणून या वेळी तिने दोघांना फोन करून अंधारातच उठवलं. शेजारच्या काकूंना संध्याकाळपर्यंत आईपाशी बसवून आली होती. उजाडलं तेव्हा तिघं पायथ्याची झाडी ओलांडून उघड्या चढणीवर होते. वाट सरळ अंगावर येणारी. सुटे दगड, मध्येच हातांनी धरून चढायचे टप्पे, एका बाजूला नुसती घसरण. ताई पुढे होती. दिवसभर मशीन चालवून तिचे पाय घट्ट झाले होते, आणि मनात सोमवार होता.

"ताई, थांब जरा, फोटो!" धाकटा खालून ओरडला.

एक फोटो झाला, मग दरीचा झाला, मग एका सरड्याचा. मग दादाच्या बुटाची नाडी सुटली. ती बांधून होते न होते तोच दुसऱ्या बुटात खडा गेला. आयुष्यभर दुकानाचं शटर ठरल्या वेळेला वर करणारा हा माणूस दगडावर बसून मोजा उलटा करून बघत होता, जणू त्यात काही हरवलंय.

"दादा, ऊन चढतंय," ताई म्हणाली.

"डोंगर कुठे पळून चाललाय का?"

"डोंगर नाही, वेळ पळतोय."

"तुझं आपलं नेहमीचं! जरा मजा घ्यायला शिक गं."

मजा घ्यायची म्हणून ती गप्प बसली. पुढच्या अवघड टप्प्यावर दादाचा पाय मुरगळला. उजवा. त्याने कळवळून दाखवलं, ताईने आपला रुमाल पाण्यात भिजवून घोट्याला बांधला. "तू हो पुढे, आम्ही येतो हळूहळू," दादा म्हणाला. ती पुढे गेली. कातळ आता हाताला चटके देत होता. बराच वेळ कुणी दिसेना, तेव्हा तिला काळजी वाटली. काही झालं तरी भाऊच. ती एवढी कमावलेली चढण पुन्हा उतरून खाली आली.

एका खडकाच्या सावलीत दोघं आरामात संत्री सोलून खात होते. धाकटा कसलीशी नक्कल करत होता आणि दादा पोट धरून हसत होता. धाकट्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघून मान हलवली, की झालंच आता. तेवढ्यात दादाला ताई दिसली. तो घाईघाईने उठला आणि लंगडायला लागला.

डाव्या पायाने.

रुमाल उजव्या पायाला होता. ताई त्या रुमालाकडे बघत राहिली. मग तिला गेल्या वर्षीची दादाची पोटदुखी आठवली, त्याच्या आदल्या वर्षी धाकट्याची विसरलेली बाटली आठवली, जी आणायला दोघंही मिळून खाली गेले होते. एखाद्याने कानफटात मारावी तसं झालं तिला. इतकी वर्षं ती घड्याळाशी शर्यत लावत होती आणि हे दोघं घड्याळाच्या बाजूने होते.

"बारा वाजत आले, ताई," धाकटा अगदी हळहळून म्हणाला. गाडी शिकवताना शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या वेगावर ब्रेक मारायची त्याला रोजची सवय. "नाही होणार आज. पुढच्या वर्षी नक्की."

"मग मी इथेच बोलते. आईला..."

"अगं अगं," दादाने हात वर केला. "माथ्यावर. बाबांचा नियम आहे. निदान त्यांचा तरी मान ठेव."

"तुझा कुठला पाय दुखतोय रे दादा?"

दादाने खाली बघितलं. धाकट्याने संत्र्याची सालं गोळा करायला घेतली. चोरी पकडली गेल्यावरही चोराने घरमालकाकडे पाणी मागावं, तसा दादा शेवटी म्हणाला, "चल, उतरू या. ऊन लागेल तुला."

"तुम्ही उतरा. नियम आहे ना," ताई म्हणाली. "मी वर जाऊन येते."

ती गेली. उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी येत होती, शेवटच्या टप्प्यावर गुडघे सोलवटले, पण रागाला तहान लागत नाही. बाबांवरही ती भडकली होती. मोठे आले नियम घालणारे! बाबांची स्वतःची आई शेवटपर्यंत त्यांच्या बहिणीकडेच होती, आणि हे ताईला आजवर कधी खटकलं नव्हतं.

माथ्यावर काहीच नव्हतं. दगडांचा एक ढीग आणि वारा. पलीकडच्या उतारावरून एक पायवाट खाली रस्त्याकडे जात होती, आणि रस्त्याच्या टोकाला ते शहर पसरलेलं होतं. तिने मुद्दाम असं काही ठरवलं नव्हतं. पण ती वाट दिसली आणि मागे फिरायला पाय तयार होईनात. सावली शोधून ती बसली, भाऊ पायथ्याशी लावलेल्या गाडीपाशी पोचले असतील एवढा वेळ जाऊ दिला आणि दादाला फोन लावला.

"पोचलीस? ये आता सांभाळून. आम्ही थांबलोय."

"थांबू नका. मी पलीकडून उतरतेय. मला तिकडे काम मिळालंय, वर्षभराचं. काकू संध्याकाळी घरी जातील. त्याच्या आत आईकडे जा."

"काय बोलतेस? असं कसं? आणि तिची औषधं?"

"दुकान तुझंच आहे ना?" ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

उतरताना तिला खूप बरं वाटलं, खोटं कशाला बोला. एकदा तर ती मोठ्याने हसलीही. खालच्या रस्त्यावर बसथांबा होता, त्याच्या बाकावर ती बूट काढून बसली. ऊन कललं होतं. फोन वाजला. काकूंनी लावून दिला होता, बोलत होती आई.

"अगं, दोघं आलेत. माझी बॅग कुठे म्हणून विचारतायत. मी म्हटलं, मला कुठली बॅग, मी कुठे जाते?"

"आई, वर्षाचाच प्रश्न आहे. नंतर मी..."

"हो, सांगितलं दादाने. सहा महिने त्याच्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. आत्ता गाडीतच ठरवलं म्हणे." मागे आपल्या बायकोला फोन करणाऱ्या धाकट्याचा आवाज येत होता. "भांडत होते दोघं, तेव्हा कळलं मला. दर वर्षी तुम्ही डोंगरावर माझ्याबद्दल बोलायला जायचात होय?"

ताईने काढून ठेवलेले बूट उगाच सरळ लावले.

"मला आपलं वाटायचं, बाबांच्या आठवणीसाठी जाता. परत आलात की वर काय काय दिसलं ते सांगाल म्हणून मी वाट बघत बसायचे."

"आई..."

"मला विचारायचंस की गं. इथे पलंगाशी बसून विचारायचंस. मी तुला नको जाऊ म्हटलं असतं का?"

म्हटलं नसतं. ताईला ते पक्कं माहीत होतं. आई मागच्याच खोलीत असायची, आणि ती दोन भावांना पटवायला तीन उन्हाळे डोंगर चढली होती. आईला विचारायचं तिलाही सुचलं नव्हतं, जसं त्या दोघांना सुचलं नव्हतं. तिला स्वतःची किळस आली.

"ठेवते," आई म्हणाली. "दादा घाई करतोय. तू जेवलीस का?"

"हो," ताई खोटं बोलली.

बस आली. ताईने बुटांत पाय कोंबले आणि चढली. कंडक्टरने कुठे जायचं विचारलं, तेव्हा तिने समोरच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. पुढे बराच वेळ ती खिडकीकडे तोंड करून रडत होती, पण उतरली नाही.