हात नको, हॉर्न

“आत्ताच सांगतो, कॅप. शेवटच्या दोन मिनिटांत मला हात दाखवायचे नाहीत. टाइमआउट हवा तर टेबलाशी जा, लुझला सांगा. ती हॉर्न वाजवेल, मग मी शिट्टी वाजवून बोटावर तळहात ठेवेन, की टाइमआउट.”

कॅप्टन रुफिनो हसला. “पाण्याचे मीटर वाचणारा तू, दरवर्षी आम्हाला नियम वाचून दाखवतोस!”

‘मांग’ म्हणजे आमच्याकडे ‘काका’. मांग सेल्यो खरोखरच बरांगायभर, आमच्या सगळ्या वस्तीत, मीटर वाचत हिंडायचे, आणि एकतीस वर्षं आमच्या फिएस्ताच्या, म्हणजे जत्रेच्या, बास्केटबॉल सामन्यांचे रेफरी होते. मी लुझ, टेबलावर गुण लिहिते. रेफरी नेमायचा बरांगायच्या कॅप्टनने, म्हणजे वस्तीच्या प्रमुखाने, आणि पिवळ्या संघाचा कोचही तोच. म्हणजे ही शिट्टी कोणाच्या मर्जीवर होती, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्याकडे कोच टेबलाकडे फिरकत नाहीत. रेफरी कुणाचा मामा, कुणाचा शेजारी. कडेने धावायचं, हातांनी टाइमआउटचा टी करायचा, नावाने ओरडायचं, की झालं काम. मांग सेल्यो दाद देत नसत. “दहा जण चेंडूमागे असताना कडेचे हात कधी बघू? आणि बघायचेच तर कोणाचे?” असं म्हणायचे.

त्या अंतिम सामन्यात सहा सेकंद उरले असताना निळ्यांनी बास्केट केली आणि एका गुणाने पुढे गेले. घड्याळ थांबलं. बास्केट ज्यांच्यावर झाली त्यांनाच टाइमआउटचा हक्क, म्हणजे आता तो पिवळ्यांचाच होता. कॅप्टन माझ्यापासून चार पावलांवर, माझं बोट हॉर्नवर. ये ना बाबा, मी मनात म्हणत होते. तो उलटाच धावला.

“टाइम! सेल्यो, टाइम! अरे आंधळ्या!”

मांग सेल्योंनी चेंडू पिवळ्या खेळाडूच्या हातात दिला आणि सेकंद मोजायला लागले. टाइमआउट मिळाला असं समजून तो कोचकडे बघत उभाच राहिला. चेंडू आत फेकायला मिळणारे पाच सेकंद संपले. शिट्टी वाजली, चेंडू निळ्यांकडे गेला आणि सामनाही.

“पुढच्या वर्षी शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात!” कॅप्टन गरजला.

“घाला की. फक्त त्याला टेबल कुठे आहे ते दाखवा.”

त्यांनी शिट्टी पुसली आणि माझ्या टेबलावर ठेवली. मला रडूच आलं. “वाजवली असती तर काय बिघडलं असतं, मांग सेल्यो?”

“निळ्यांचं बिघडलं असतं, बाई.”

पुढच्या वर्षी कॅप्टनचा भाचा रेफरी झाला. मांग सेल्यो प्रेक्षकांच्या वरच्या पायरीवर काडीला टोचलेली तळलेली केळी खात बसले होते. पुन्हा एका गुणाचा फरक, आठ सेकंद बाकी, आणि बास्केट नुकतीच पिवळ्यांवर झालेली. भाचा चेंडू हातातच धरून मामाच्या हातांकडे बघत थांबला. कॅप्टनने हात उचलले. त्याची नजर पायऱ्यांकडे गेली. हात खाली आले आणि तो धापा टाकत माझ्याकडे आला.

“लुझ, टाइमआउट दे.”

मी हॉर्न दाबला, जरा जास्तच जोरात.

वर मांग सेल्योंचा हात छातीशी गेला. तिथे शिट्टी नव्हती. मग त्यांनी काडी मांडीवर ठेवली, एक बोट उभं धरलं, त्यावर दुसरा तळहात आडवा टेकवला आणि कोणी बघायच्या आत पुन्हा केळी उचलली.