अकरा ओळींचा दगड

सईने होडीत पाय टाकला तशी होडी एका अंगाला कलली, आणि दीनानाथांनी चटकन हात पुढे केला. तिने तो धरला, "थँक्यू काका" म्हणाली आणि पुढच्या फळीवर जाऊन बसली. अरुंधती अजून काठावरच उभी होती. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हाताने निऱ्या वर धरलेल्या. तोवर दीनानाथ सईची सॅक मांडीवर घेऊन बसलेसुद्धा. शेवटी होडीवाल्या कमळाबाईने वल्हं टेकवलं आणि आपला खांदा पुढे केला.

"धरा बाय. हिथं चिखल हाय."

अरुंधतीने खांदा धरला. बोलली मात्र काही नाही. चातुर्मासातल्या सोमवारी पहिला घास घेईपर्यंत ती बोलत नसे. गेली एकोणीस वर्षं हा नियम मोडला नव्हता, आणि आजचा तर यंदाचा शेवटचा सोमवार.

होडी काठापासून सुटली. पाऊस सरून महिना झाला होता, तरी खैरोंडीचं धरण काठोकाठ भरलेलं होतं. पाणी तुडुंब असलं की ते पलीकडच्या दोन तळ्यांनाही जाऊन मिळतं आणि होडी थेट रानाच्या पायरीला लागते. डाव्या हाताला प्रबळगडाची भिंत धुक्यातून अर्धीच बाहेर आली होती. एक खंड्या पाण्यात सूर मारून पुन्हा वाळक्या फांदीवर जाऊन बसला.

"मावशी, तुमचं जुनं गाव नेमकं कुठे होतं?" सईने विचारलं.

"आता तुमी जिथं बसल्याव ना, त्याच्या खाली," कमळाबाई वल्हं मारता मारता म्हणाली. "आमची चूल, आमचा गोठा, समदं. मासे शिजवतात आता तिथं."

सई मोकळेपणी हसली. दीनानाथही हसले, आणि हसता हसता त्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. वही सईची होती. तीन महिने झाले, दीनानाथ सईची टिपणं काढत होते. नवीन पनवेलला त्यांच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी ही मुलगी सुट्टीच्या दिवशी लोकांना तळी, रानं, लेणी दाखवायला न्यायची. इतिहास असा सांगायची की ऐकणाऱ्यांच्या हातातला चहा गार व्हायचा. श्रावणापासून दीनानाथ तिच्या प्रत्येक फेरीला जात होते. जे दीनानाथ पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोबरोबर कधी कर्नाळ्याच्या पायथ्याशीही आले नव्हते, ते. अरुंधतीने फेऱ्या मोजल्या होत्या. आजची, दिवाळीच्या सुट्टीतली, नववी. ती स्वतः आली, ती दीनानाथांना डबा कोण देणार म्हणून, असं तिने शेजारी सांगितलं होतं.

"काका, गद्धेगाळ, म्हणजे दानाचा शापदगड, कसा असतो ते लिहिलंत ना?" सई मागे वळली. "वर सूर्य आणि चंद्र. म्हणजे ते आहेत तोवर हे दान टिकेल. मधे लेख. आणि खाली शाप. चित्रातला शाप, वाचता न येणाऱ्यालाही कळावा म्हणून. गाढव आणि बाई. हे दान जो मोडेल, त्याच्या आईवर…"

पुढचं तिने तितक्याच सहजपणे सांगितलं, जणू भाजीचा भाव सांगावा. अरुंधतीने मान वळवून पाण्यात हात सोडला. पाणी गार होतं. कानांच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या.

"एका जुन्या नोंदीत लिहिलंय, खैरोंडीच्या शिवेवर लेखाचा दगड आहे म्हणून," सई म्हणाली. "शिलाहारांच्या काळातला असेल. रविवारी वाचनालयात माझं व्याख्यान आहे. त्याआधी सापडला तर काय बहार येईल! काकू, तुम्ही मोजणी ऑफिसात होतात ना? तुमच्या कधी कानावर आलं होतं?"

अरुंधतीने ओठांवर बोट ठेवलं.

"अरे हो, सॉरी काकू! मौन." सईने दोन्ही कान धरले. "मी नाही विचारणार."

इतकं सोपं होतं ते. अरुंधतीने पदर सारखा केला.

बारा वर्षांपूर्वी मोजणी ऑफिसात एक फाटका नकाशा कपड्यावर चिकटवताना तिला शिवेच्या रेघेजवळ बारीक अक्षरात 'लेखाचा दगड' असं दिसलं होतं. मार्गशीर्षात रजा टाकून ती एकटी आली होती. होडी याच कमळाबाईची होती. ओढ्याच्या डाव्या हाताला, कुंभ्याच्या झाडाखाली, कमरेइतका दगड. तिने तो ओल्या फडक्याने पुसला. सूर्य निघाला, चंद्रकोर निघाली, झिजलेल्या अकरा ओळी निघाल्या. मग माती खरवडून खालचा भाग मोकळा केला, आणि तिने फडकं तिथेच दाबून धरलं. देवाधर्माची बाई ती. वाचनालयात उभी राहून ती काय सांगणार होती, अकरा ओळींच्या खाली काय आहे म्हणून? कोणत्या शब्दांत? परतताना तिने कमळाबाईच्या हातावर हात ठेवून म्हटलं होतं, कुणाला सांगू नकोस. आणि घरी येऊन तीही गप्प राहिली होती. ते मौन कुठल्या चातुर्मासातलं नव्हतं.

आता ही पोर ते भर होडीत बोलत होती. दगड तिला सापडला तर तो सईचा दगड होणार होता. सूर्य तिचा, चंद्र तिचा, ओळी तिच्या.

"मावशी, तुम्ही पाहिलाय का असा अक्षरांचा दगड?"

कमळाबाईने वल्हं पाण्यातून काढलं, अरुंधतीकडे एकवार पाहिलं आणि वल्हं पुन्हा पाण्यात घातलं.

"दगड लय हायत गो. अक्षरं कोन वाचतो?"

होडी रानाला लागली. काठापासूनच दोन वाटा फुटत होत्या. एक डावीकडे ओढ्याला धरून, दुसरी उजवीकडे करवंदीच्या जाळ्यांतून माळावर. सई कमरेवर हात ठेवून दोन्हींकडे पाहू लागली.

"उजवीकडे," दीनानाथ ठामपणे म्हणाले. "शीव तिकडे. मी नकाशा पाहिलाय."

बघा, अरुंधतीच्या मनात आलं. नकाशा पाहिलाय म्हणे! उभा धरायचा की आडवा, तेही ठाऊक नसेल. सईसमोर मिरवायला काहीही. पण तिच्या पथ्यावरच पडलं होतं.

"काका, गुरूच आहात तुम्ही! चला."

"माझा गुडघा कुरकुरतोय. तू कमळाबाईला घेऊन जा. आम्ही इथे सावलीत बसतो."

दोघी जाळ्यांआड गेल्या. थोडा वेळ सईचा आवाज ऐकू येत राहिला, मग नुसते पक्षी. अरुंधती ऐनाच्या झाडाच्या मुळावर बसली. डाव्या हाताला, पन्नास पावलांवर, कुंभ्याचा शेंडा दिसत होता. ती मुद्दाम पाण्याकडे तोंड करून बसली.

दीनानाथांनी आपला डबा उघडला, तिचा तिच्यापुढे सरकवला.

"जेव. बारा वाजून गेले."

तिने मान हलवली. घास घेतला की मौन सुटणार. मौन सुटलं की सई पुन्हा विचारणार. भुकेने पोटात खड्डा पडला होता, पण तिने डब्याचं झाकण तळव्याने दाबून धरलं, जणू आत काही जिवंत असावं.

दीनानाथांनी भाकरीचा तुकडा मोडला. खाल्ला नाही. हातातच फिरवत राहिले.

"तिला उगीच माळावर पाठवलं," ते हळू म्हणाले. "पोरीचे हात ओरबाडतील. पण दुसरं काही सुचेना. दगड डावीकडे आहे ना? कुंभ्याखाली?"

अरुंधतीने वळून पाहिलं.

"आषाढात तुला ताप होता, आठवतं? तुझा रोजचा अध्याय चुकू नये म्हणून मी पोथी वाचत होतो. म्हणजे अडखळत होतो. त्यात घडी घातलेला कागद सापडला. सूर्य, चंद्र, अकरा ओळी, सगळं तुझ्या हातचं. वर जागा लिहिलेली. आणि खालचा चौकोन कोरा." त्यांनी तुकडा पुन्हा डब्यात ठेवला. "तू काहीतरी काढायचं ठेवलंस म्हणजे तसंच कारण असणार. तुला विचारायला धीर झाला नाही. म्हणून खाली सईकडे जाऊन विचारलं, अशा दगडावर तळाला काय असतं म्हणून. तिने सांगितलं तेव्हा माझेच कान लाल झाले. आणि तेव्हापासून जुन्या नोंदी चाळत ती या दगडाच्या मागे लागली. चुकलंच माझं."

पाण्यावर वाऱ्याची एक सळ उठली आणि काठाशी येऊन विरली.

"मग म्हटलं, आपणच तिच्याबरोबर राहावं. वही आपल्या हातात राहील. तुझा दगड आहे. तू सांगशील तेव्हा."

नऊ फेऱ्या. अरुंधती त्यांच्या गुडघ्याकडे पाहत राहिली. तो खरंच सुजला होता. तिचा हात झाकणावरून उचलला गेला, पण कुठे ठेवावा ते न कळून पुन्हा तिथेच टेकला.

पानांवर पावलं वाजली. सई आली ती धपकन खालीच बसली. दोन्ही हातांवर करवंदीच्या काट्यांच्या लाल रेघा. मागून कमळाबाई पदराने वारा घेत आली.

"नाही काका. दगड आहेत, पण सगळे मुके." तिने बाटली तोंडाला लावली. "जाऊ दे. रविवारी सांगून टाकते, नोंद आहे पण दगड उरलेला नाही. धरणाच्या पाण्यात गेला असणार." मग तिचं लक्ष बंद डब्याकडे गेलं. "काकू, तुम्ही अजून जेवला नाहीत? आमच्यासाठी थांबलात? कसली निष्ठा आहे हो तुमची! मला नाही जमायचं असं."

ती हे मनापासून म्हणाली. अरुंधतीला कुणी चापट मारली असती तरी इतकं लागलं नसतं. कमळाबाई उगीचच खोकली आणि आभाळाकडे पाहू लागली.

दगड उरलेला नाही. पाण्यात गेला.

अरुंधतीने हात पुढे करून दीनानाथांच्या मांडीवरची वही ओढून घेतली, पेनही घेतलं. कोरं पान काढलं. आधी उजव्या कोपऱ्यात आपलं नाव घातलं, नवऱ्याच्या नावासकट आणि आडनावासकट, ऑफिसात कागदावर घालायची तसं ठसठशीत. त्याखाली बारा वर्षांपूर्वीची तारीख. मग सूर्य. मग चंद्रकोर. मग अकरा रेघा, सातवी मधेच तुटलेली, कारण दगडाचा तिथे टवका उडाला होता. सई हळूहळू गुडघ्यांवर पुढे सरकली.

"काकू…"

अरुंधतीने ऐकलं नाही. ती खालच्या चौकोनापाशी आली होती. पेन क्षणभर हवेत राहिलं. दीनानाथांनी हलकेच मान दुसरीकडे वळवली. मग तिने पाय काढले, चार. पाठ काढली. शेपूट काढली. समोर बाईचा नुसता अंबाडा आणि बांगड्यांनी भरलेला हात काढला, बाकीचं रेघेवर सोडून दिलं. वही फिरवून तिने सईपुढे धरली.

सईने आधी कोपऱ्यातलं नाव वाचलं. मग तारीख. ती बराच वेळ तारखेवरच अडली.

कमळाबाई तिच्या खांद्यावरून वाकली. डोळे बारीक करून तिने चित्र नीट न्याहाळलं.

"अगो बाय! ह्यो कुत्रा हाय काय?"

"गाढव आहे ते!" अरुंधती म्हणाली.

रानात आवाज चांगलाच घुमला. सईने तोंडावर हात नेला. दीनानाथांनी वळून आधी बायकोकडे पाहिलं, मग तिच्या पुढ्यातल्या डब्याकडे. झाकण बंदच होतं.

अरुंधतीलाही ते दिसलं. तिने डोळे मिटले, ओठ हलले, बहुधा देवाचं नाव घेतलं असावं. मग तिने सईपुढची वही परत आपल्याकडे फिरवली आणि पेन टेकवलं.

"थांब," ती म्हणाली, "कान राहिलेत."