जपून ठेवलेला डावा बूट

मी डावा बूट बोलतोय. उजवा बोलणार नाही, कारण त्याच्या तोंडात गेल्या मोहिमेतला एक मोजा अजून तसाच कोंबलेला आहे. ओला कोंबला होता. पुढे त्याचं काय झालं असेल ते तुम्हीच ताडा.

तसा मी चांगल्या घरचा. जाड चामडं, दुहेरी शिवण, जाडजूड सोल. मला विकत घेतलं एका दाताच्या डॉक्टरने. त्याचा पाय पहिल्यांदा आत आला तेव्हाच मी नशिबाला बोल लावला. माणसं तोंड रोज घासतात आणि पाय देवाच्या भरवशावर सोडतात. हा तर दिवसभर लोकांना स्वच्छतेचे धडे द्यायचा आणि याच्या अंगठ्याचं नख पाहून कावळ्यानेसुद्धा मान फिरवली असती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय!

पण डोंगरात त्याचं पाऊल चुकत नसे, हे मान्य करायला हवं. निसरड्या बर्फावर तो आधी मला हलकेच टेकवायचा, अंदाज घ्यायचा आणि मगच अंगाचा भार टाकायचा. त्या क्षणी मला त्याचा अभिमान वाटे. नखसुद्धा विसरायला होई.

मग मोहिमा थांबल्या. दवाखाना वाढला, पोटही वाढलं. त्याने आम्हाला चकचकीत पॉलिश केलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, घट्ट गाठ मारली आणि माळ्यावर ठेवलं.

"जपून ठेवतोय," तो बायकोला म्हणाला. "लेक मोठी झाली की तिला घेऊन हेच घालून जाणार."

जपून म्हणे! त्या पिशवीत ना वारा ना उजेड. आमच्याच घामाची वाफ आमच्याच अंगावर. चामडं वरून झळकत राहिलं आणि खाली सोल वर्षानुवर्षं भुसभुशीत होत गेला. वरून कीर्तन, आतून तमाशा. चालून झिजलो असतो तर निदान मान राहिला असता. एका जागी बसून कुजायचं, याची मला स्वतःचीच शिसारी येते.

लेक मोठी झाली. पिशवी खाली आली, गाठ सुटली आणि वास घरभर पसरला.

"अहो, काहीतरी मेलंय त्यात!" बायको नाक दाबून ओरडली.

"चामड्याला येतोच गं वास," म्हणत डॉक्टरने मला बोटाने टकटक केलं. जन्मभर दातांवर टकटक करून आतली कीड ओळखणारा माणूस! वाटलं, आता तरी कळेल. तर म्हणतो, "दगड आहे दगड! असे बूट आता मिळतात कुठे?"

मग तयारी सुरू झाली. उंच डोंगरांचा मुलूख अनेक दिवस चालून पार करायचा होता. तिथे वस्ती नाही, फोन लागत नाही, हाक मारली तर ओ देणारं कोणी नाही. लागेल ते सगळं पाठीवर न्यायचं, म्हणून वजन कमी करायचं खूळ घरात शिरलं. स्वयंपाकघरातला काटा बैठकीत आला. दाताच्या डॉक्टरने टूथब्रशचा दांडा करवतीने कापला. तंबूची लेबलं कातरली, चमच्याला भोकं पाडली. हे सगळं चालू असताना साहेब मांडीवर पोट सांभाळत बिस्किटांचा पुडा संपवत होते. ते वजन कोणत्या काट्यावर धरायचं होतं, कोण जाणे.

मलाही काट्यावर ठेवलं. उलटा करून मात्र कोणी पाहिलं नाही.

"बाबा, सगळं पाठीवर घेऊन एकदा मागच्या टेकडीवर जाऊन येऊ," लेक म्हणाली. "बुटांचंही कळेल."

"अगं, टेकडीवर कशाला झिजवायचे ते? कड्यावर लागणारेत. कड्यावर तुला दोरीने माझ्यामागेच बांधणार आहे मी. घाबरू नकोस."

हे ऐकलं आणि माझी सगळी चीड गळून गेली, नुसती भीती उरली. मला ती वाट दिसायला लागली. हा मला टेकवणार, विश्वासाने भार टाकणार आणि मी सुटणार. आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला लेक. डोंगर मलाही हवा होता हो, माळ्यावर दुसरं कसलं स्वप्न पाहिलं होतं मी? पण असा नको.

बुटाला ओरडता येत नाही. वास तेवढा मारता येतो. तो मी जीव तोडून मारला.

निघायच्या आदल्या दिवशी बायकोच्या हातातला घास खाली पडला. "बस्स झालं! किळस आली मला!" असं म्हणत तिने आम्हाला दोन बोटांत धरलं आणि न्हाणीघरात साबणाच्या कढत पाण्यात बुचकळलं.

डॉक्टर दवाखान्यातून आला आणि बादली पाहताच त्याने बोंब मारली. "अगं, चामडं कोणी पाण्यात घालतं का? डोकं आहे की खोकं?" त्याने मला खसकन वर ओढलं. मी वर आलो. सोल बादलीतच राहिला.

लेकीने तो उचलला. तिच्या बोटांत त्याचा ओल्या बिस्किटासारखा चुरा झाला.

डॉक्टर मटकन न्हाणीघरातल्या स्टुलावर बसला. "तुला माझ्यामागेच बांधणार होतो गं मी," एवढंच बोलला. बायकोने, आयुष्यात पहिल्यांदाच, वादात जिंकूनही त्याच्यासाठी चहा टाकला.

मोहीम पुढे ढकलली. नवे बूट आले. डॉक्टर ते खोक्यातून काढायला तयार नव्हता, पण लेकीने ऐकलं नाही. आता ती रोज सकाळी त्याला सगळं ओझं पाठीवर देऊन जिना चढायला-उतरायला लावते. तो धापा टाकतो, शिव्या घालतो आणि चढतो.

आणि आम्ही? कचऱ्यात गेलो असतो तर मी आनंदाने गेलो असतो. पण त्याने आम्हाला पुसलं, कोरडं केलं आणि पुन्हा त्याच पिशवीत घातलं. "आठवण आहे," म्हणाला. डोळे भरले होते, पण गाठ मात्र पक्की मारली. उजव्यातला मोजा अजून तिथेच आहे.

माझं ऐकाल तर मला टाकून द्या. आणि तुमच्या माळ्यावर असं काही बांधून ठेवलं असेल, तर आजच खाली काढा आणि वापरा.

आता जिन्यावरून नव्या बुटांची करकर ऐकू येतेय. झिजा रे पोरांनो, भरपूर झिजा. नाहीतर हा तुम्हालाही जपेल.